नदीकाठी मुक्कामाला जाताय? आधी मोरी बघा, मग खोली

बांबूची खोली, नळीची कौलं, शेणानं सारवलेलं अंगण, दारात कंदील. फोटोत होतं तसंच सगळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन सहज स्वयंपाकघराच्या मागे गेलो, तर खरकटं, तेलाचा तवंग आणि भांडी घासल्याचं फेसाळ पाणी घेऊन एक जाडजूड पाइप दरडीवरून थेट नदीत सोडलेला. त्याच्या पन्नास पावलं खाली, वाहत्या अंगाला, आम्ही आदल्या संध्याकाळी तासभर डुंबलो होतो.

तेव्हापासून ‘इको’ हा शब्द मी पाटीवर वाचत नाही, मोरीपाशी वाचतो. बांबू, माती, कंदील ही सजावट झाली. नदीकाठच्या जागेची पारख दोन प्रश्नांत होते: पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? पुढचं सगळं त्याच दोन प्रश्नांच्या आधारानं लिहिलंय. उदाहरणं बहुतेक कोकणातली आणि सह्याद्रीतली आहेत, कारण माझी पायपीट तिथली.

नदी कोणती, महिना कोणता

आपण आधी जागा ठरवतो, मग सुट्टी, आणि नदीचा विचार पोहोचल्यावर करतो. क्रम उलटा हवा. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पावसाळ्यात काही तासांत फुगतात, आणि मार्च उजाडेपर्यंत पुष्कळ ठिकाणी त्यांचे सुटे सुटे डोह उरतात. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून एप्रिलमध्ये खोली घ्यावी आणि खिडकीतून नुसते गोटे दिसावेत, असं अनेकांचं झालंय. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. पाणी निवळलेलं असतं, धार टिकून असते, रात्री पांघरूण लागतं.

अपवाद वीजघरांच्या खालच्या नद्यांचा. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि पुढे कुंडलिकेत जातं. कोयनेचं पाणी वीज तयार करून वाशिष्ठीत सुटतं. म्हणून या नद्या भर उन्हाळ्यातही वाहत्या असतात आणि कोलाडचं राफ्टिंग कुंडलिकेच्या याच पाण्यावर चालतं. मात्र इथे नदीचं वेळापत्रक आभाळ ठरवत नाही, वीजघर ठरवतं. डोक्यावर ढगाचा ठिपका नसताना पाणी चढतं. ज्या खडकावर बसून पोहे खाल्ले तो तासाभरात पाण्याखाली जाऊ शकतो. दांडेलीला काळी नदीकाठी राहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, तिथे वरच्या अंगाला सुपा धरण आहे.

तिसरा प्रकार खाडीला लागलेल्या नद्यांचा, जशी तारकर्ली-देवबागजवळची कर्ली. इथे दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. कोकणातली जुनी माणसं पंचांग बघून भरतीची वेळ सांगतात, ती पाऊणकीनं: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते. हा हिशेब ढोबळ आणि किनाऱ्याचा. नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. पण आखणीला तो फार उपयोगी पडतो. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती असते, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी समोर चिखल आणि कलंडलेल्या होड्या. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाणी असतं. ही भांगाची, म्हणजे लहान भरती. काठोकाठ नसते, पण होडी निघते.

आणि पावसाळा? जाऊच नका असं मी म्हणणार नाही, मीच जातो. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते आठवा. वर घाटात धो धो पाऊस आणि खाली समुद्राला भरती असली की नदीचं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही, ते मागे सरून गावात शिरतं. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करा, आगाऊ भरलेले पैसे गेले तरी. जाणार असाल तर हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. एका भाद्रपदात गावचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली गेला आणि मी दीड दिवस पलीकडच्या तीरावरची माझी गाडी बघत बसलो होतो. घरमालकिणीनं दोन वेळचं जेवण जास्तीचं घातलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ऑफिसात मात्र कुणाला खरं वाटलं नाही.

फोनवर काय विचारायचं

ऑनलाइन बुकिंग करण्याआधी एक फोन कराच. आणि तो कॉल सेंटरला न करता त्या जागेवर राहणाऱ्या माणसाला करा. जागेवर राहणारं कुणीच फोनवर भेटत नसेल तर त्यातच एक उत्तर मिळालं.

पहिला प्रश्न सरळ विचारायचा: “दादा, संडास-बाथरूमचं पाणी कुठे जातं तुमच्याकडे?” लोक बिचकतात, पण ज्यानं काम नीट केलंय तो खुलतो. “सेप्टिक टँक आहे, पुढे शोषखड्डा, आणि न्हाणीघराचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडलंय,” असं उत्तर आलं तर समजा अर्धी पारख झाली. कर्दळीचा वाफा म्हणजे खडी-वाळूचा उथळ चर, त्यात कर्दळ किंवा तसलीच पाणी पिणारी झाडं. मुळांभोवती वाढणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात, झाडं उरलेलं शोषतात, आणि खालून निघणारं पाणी नारळी-पोफळीला देता येतं. खर्च फारसा नाही, जागा तेवढी लागते. “काय ते, जातं खाली” असं उत्तर आलं, तर ‘खाली’ म्हणजे नदीच. शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब हवा, हेही विचारून घ्या, कारण त्याच विहिरीचं पाणी तुम्ही पिणार आहात.

दुसरा प्रश्न: “२००५ला किंवा २०२१ला पाणी कुठवर आलं होतं?” नदीकाठच्या गावात याचं उत्तर शेंबडं पोरही देतं, आंब्याच्या झाडावरची किंवा देवळाच्या पायरीवरची खूण दाखवून. जलसंपदा विभाग नद्यांच्या काठानं दोन पूररेषा आखतो: २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध मानतात. सगळ्या नद्यांना या रेषा आखलेल्या नाहीत, आणि आखल्या तिथेही त्या पाळल्या जातातच असं नाही. त्यामुळे गावकऱ्याची खूण हीच तुमची पूररेषा. पाण्यात पाय सोडून बसता येईल इतक्या जवळ काँक्रीटची खोली बांधणारा आणि वर तिला पर्यावरणस्नेही म्हणणारा माणूस नदीला ओळखत नाही, किंवा ओळखून दुर्लक्ष करतो. चांगली जागा नदीपासून थोडी वर, थोडी मागे असते. पाच मिनिटं उतरून जावं लागतं. ती उतरण तुमच्या भल्याची.

मग विजेचं. सोलर आहे का, किती चालतं, गेली वीज तर काय? डिझेलचा जनरेटर रात्रभर घरघरणार असेल तर नदीचा आवाज ऐकायला जाण्यात अर्थ नाही. आंघोळीचं पाणी बंबावर तापतं का, आणि बंबाला लाकूड कुठलं? स्वतःच्या बागेतल्या झावळ्या, सोडणं, करवंट्या असतील तर उत्तम. रानातून मोळ्या विकत घेत असतील तर तुमच्या एकेका बादलीमागे कुठलं तरी झाड कमी होतंय.

नदीकाठी स्विमिंग पूल असेल तर मी फोन ठेवतो. हा माझा हट्ट समजा. पण वाहत्या पाण्याच्या शेजारी क्लोरीनचं पाणी साठवायचं आणि दर काही दिवसांनी गाळणी धुण्यासाठी ते उलट फिरवून कुठे तरी सोडायचं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

शेवटचं विचारायचं ते गावाबद्दल. स्वयंपाकाला कोण आहे, भाजी कुठली, होडी कुणाची? राज्याच्या २०२० सालच्या कृषी पर्यटन धोरणानुसार शेतकऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते; नोंदणी आहे का विचारा, पण नसली म्हणून लगेच फुली मारू नका. घरगुती चालवणाऱ्या कित्येक चांगल्या माणसांनी अजून ते कागद केलेले नसतात. उलट मोठ्या कंपाउंडच्या जागेबद्दल एक प्रश्न जरूर विचारा: गावाची पाणवठ्याकडे जाणारी वाट अजून चालू आहे ना? तारेचं कुंपण घालून गुरांची पाणंद आणि बायकांची धुण्याची जागा बंद करणारे ‘इको रिट्रीट’ मी पाहिलेत.

पैसे आणि रस्ता

यात फार काही नाही. आगाऊ रक्कम भरताना रद्द करण्याचे नियम लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं लेखी चालतं. पावसाळ्यात अलर्टमुळे रद्द झालं तर पैसे परत की तारीख पुढे, हे आधीच बोलून घ्या. दरीत मोबाइलची रेंज जाते, मग यूपीआयही जातं. शंभर-दोनशेच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, पण शेवटच्या फाट्यापासून पुढे नकाशापेक्षा टपरीवाल्याचं ऐका. नकाशाला साकव आणि पूल यांतला फरक कळत नाही.

स्वतःची गाडी न नेता जमलं तर बघा. कोकण रेल्वेचं स्टेशन, तिथून एसटी किंवा वडाप (माणशी भाडं घेणारी जीप), आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर यजमानाची रिक्षा. पुष्कळ गावांना रात्री वस्तीची एसटी असते: संध्याकाळी येते, रात्री मुक्काम करते, पहाटे निघते. तिची वेळ यजमानाला तोंडपाठ असते.

पिशवीत काय

स्टीलची पाण्याची बाटली, माणशी एक. टॉर्च, आणि त्याला लाल काच किंवा लाल जिलेटिनचा तुकडा. जुने बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल, पाण्यात घालायला. शेवाळलेल्या दगडावर चप्पल म्हणजे हात मोडून घेणं. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पंचा, दोर वाळत घालायला. मच्छरदाणी यजमानाकडे असते, तरी विचारून घ्या. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या, ते साकवाचं प्रकरण आठवून.

एक रिकामी, घट्ट तोंडाची पिशवी न्या आणि तिला काही विचार न करता ‘परतीचा कचरा’ असं नाव द्या. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, बॅटरीचे सेल, औषधांची वेष्टनं, शाम्पूच्या पुड्या यांतलं काहीही गावात जिरत नाही. गावात घंटागाडी नसते. खोलीतल्या टोपलीत टाकलेला डायपर दुसऱ्या दिवशी मागच्या खड्ड्यात जळतो किंवा पुराबरोबर नदीत जातो, तिसरी वाट नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर. बंदीनं पत्रावळीखालचा प्लास्टिकचा कागद कमी झाला असेल, पण कुरकुरीतचं पाकीट तसंच आहे, आणि ते आपणच नेतो.

साबणाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चांगली माणसंही चुकतात. ‘नैसर्गिक’ किंवा ‘जैवविघटनशील’ असं लिहिलेला साबणही नदीत चालत नाही. तो विघटित होतो तो मातीत, तिथल्या जिवाणूंमुळे. वाहत्या पाण्यात तो आधी माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोहोचतो. शिकेकाई-रिठाही अपवाद नाहीत. रिठ्याचा फेस पाण्यात कालवून मासे गुंगवण्याची जुनी रीत कित्येक भागांत होती, यावरून काय ते समजा. साबण लावायचा तर न्हाणीघरात, आणि नदीत नुसतं डुंबायचं. तीच गोष्ट डासांच्या मलमाची आणि उन्हाच्या क्रीमची: पाण्यात उतरण्याआधी चोपडू नका, बाहेर आल्यावर लावा.

पोहोचल्यावरचा पहिला तास

सामान ठेवा, पाणी प्या, आणि नदीकडे धावू नका. आधी यजमानाबरोबर जागेला एक फेरी मारा. “काका, जरा मागची बाजू दाखवता?” एवढं पुरतं. विहीर किंवा बोअर कुठे, टाकी कुठे, मोरीचं पाणी कुठे जातं, ओला कचरा कुठे पडतो. गांडूळखत किंवा गोबरगॅस असेल तर ते मोठ्या अभिमानानं दाखवतात. पाच मिनिटं ऐकून घ्या, बऱ्याच गोष्टी कळतात. पाइप नदीकडे जाताना दिसला तर पाइपाच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूलाच पोहायचं, हे तिथेच ठरवून टाका.

मग तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथे सर्पदंशाची लस असते का. रात्री गाडी काढून नेईल असा माणूस कोण. आणि फोनची रेंज आवारात नेमकी कुठे मिळते. बहुतेक जागी एखादी दरड किंवा एखादा माड असतोच. सरकारी रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८, पण तो लावायला रेंज लागते.

पाण्यात उतरताना

या भागावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण दर वर्षी पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात पोहता येणारेही असतात.

नदीचा तळ एकसारखा नसतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार तळ खणते, तिथे डोह होतो. आतल्या अंगाला वाळू साठते, तिथे उथळ असतं. म्हणून उतरायचं ते आतल्या अंगानं. पण जिथे वाळूचा उपसा झालाय तिथे हा नियम मोडतो. सक्शन पंपानं काढलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकावं आणि डोक्यावर पाणी यावं, असे हे खड्डे. यजमानाला स्पष्ट विचारा, “इथे वाळू काढलीय का कधी?” आणि हातात काठी घेऊन, तळ चाचपत उतरा. खडकावरून सूर मारणं पूर्ण बंद. काल खोल असलेल्या जागी आज ओंडका येऊन अडकलेला असू शकतो.

कोंड किंवा डोह गावकऱ्यांनी ‘वाईट’ म्हणून सांगितला असेल तर हसू नका. “तिथे आसरा आहेत,” असं म्हणतील. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्या मानायच्या की नाही हा तुमचा प्रश्न, पण त्या डोहात भोवरा आहे किंवा कपार आहे आणि माणसं गेली आहेत, एवढा अर्थ त्यात नक्की असतो.

पाणी चढू लागल्याच्या खुणा शिकून ठेवा. निवळ पाणी गढूळ होऊ लागतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, काठावरच्या दगडाची ओली रेघ वर सरकते, खळाळण्याचा आवाज जाड होतो. यांतलं काहीही दिसलं की कपडे, मोबाइल न गोळा करता आधी बाहेर. वर पाऊस पडतोय किंवा पाणी सोडलंय. धरणाच्या खालच्या नदीवर भोंगा वाजतो, पण वाऱ्याच्या दिशेवर भरवसा ठेवण्यापेक्षा पाणी सुटण्याच्या वेळा यजमानाकडून आधीच घ्या. नदीच्या मधल्या बेटावर किंवा खडकावर पथारी टाकू नका. अडकणारे तिथेच अडकतात.

कुणी गटांगळ्या खायला लागलं तर त्याच्या मागे उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. काठी, दोर, गाठ मारलेली साडी, रिकामं प्लास्टिकचं कॅन, जे मिळेल ते फेका. नदीवर जाताना ट्यूब आणि दोर काठावर ठेवायची सवयच लावून घ्या. होडीत, राफ्टमध्ये, कायाकमध्ये लाइफ जॅकेटचे पट्टे बांधूनच बसा. “पाणी छातीएवढंच आहे” असं होडीवाला म्हणाला तरी. प्यायलेल्यानं पाण्यात उतरायचं नाही, यावर चर्चा नको.

मगरी. वाशिष्ठी, सावित्री आणि सांगलीकडची कृष्णा, या नद्यांत त्या आहेत, आणि त्या पर्यटकांसाठी आणलेल्या नाहीत. हिवाळ्यात दुपारी काठाच्या वाळूवर ऊन खात पडतात. होडीतून लांबून बघायला फार सुंदर. पण तिथे पाण्यात उतरायचं नाही, काठाशी वाकून भांडी धुवायची नाहीत, मुलांना कडेला खेळू द्यायचं नाही आणि मांसाचे तुकडे टाकायचे नाहीत.

काही डोह देवाचे असतात. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे. दोन्ही ठिकाणी मोठाले महसीर मासे गावानं देवाचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. तिथे गळ टाकायचा नाही हे सांगावं लागू नये. बिस्किटांचा पुडा फोडून अख्खा पाण्यात ओतायचा नाही, हे सांगावं लागतं. चुरमुरे मूठभर पुरतात आणि वेष्टन खिशात.

पावसाळ्यात पायाला जखम असेल तर पाण्यात आणि चिखलात जाणं टाळा. उंदीर-गुरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कोकणात त्याची भीती खरी आहे. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना “नदीत, चिखलात गेलो होतो” हे आपण होऊन सांगा. ते विचारतीलच असं नाही.

ताटात काय पडेल

पनीर मागू नका. जे पिकतं, मिळतं ते खा, आणि किती माणसं, किती भूक हे आदल्या वेळी सांगा म्हणजे अन्न फुकट जात नाही. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, घावणे, खाडीकाठी तिसऱ्या, आषाढ-श्रावणात टाकळा, भारंगी, करटुली. वळवाच्या दिवसांत शेवळं ही रानभाजी मिळाली तर नशीब समजा, मात्र ती खाजरी, करणाऱ्या हातांना माहीत असली पाहिजेत. पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे पकडून खाणं ही गावाची जुनी मजा आहे. गाव आपल्यापुरते चार पकडतं. पर्यटकांच्या पंगती त्यावर उठायला लागल्या तर पुढच्या वर्षीची वीण कुठून येणार? मी तेवढे दिवस मासे मागत नाही.

पाणी विहिरीचं, उकळून गार केलेलं. बाटलीबंद पाण्याचं खोकं आणून ठेवणारा यजमान पाहुण्यांच्या मागणीमुळे आणतो. आधी फोनवर “आम्हाला उकळलेलं चालतं” एवढं कळवलंत तर तेवढ्या बाटल्या गावात येत नाहीत. जेवल्यावर मावशींना भाजीची कृती विचारा, फोटो काढायचा तर विचारून काढा.

रात्र

दिवे लवकर मालवा. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचे दिवस. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीसारख्या गावांत लोक त्यासाठीच मुक्कामाला येतात आणि गावकऱ्यांच्याच घरी राहतात. नर काजवा लुकलुकून मादीला खूण करतो. तुमच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये ती खूण हरवते. म्हणून तो टॉर्चवरचा लाल कागद, आणि टॉर्च पायाशी धरून. काजवे बाटलीत भरू नका, मुलांनी हट्ट केला तरी. स्पीकर घरी विसरून या.

पण अंधारात चालताना पायाशी उजेड हवाच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप, आणि दवाखान्यातली लस या चौघांवर चालते. फुरसं कोकणातल्या जांभ्याच्या कातळांवर, गडग्यांत म्हणजे दगडी कुंपणांत. मण्यार रात्रीची फिरते, उंदरांच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते; दंश इतका बारीक की कित्येकदा जागही येत नाही. म्हणून खाली झोपणार असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा. डासांसाठी नाही, मण्यारीसाठी. चावलंच तर त्या अवयवाची हालचाल थांबवा, अंगठ्या-बांगड्या काढा, आणि थेट रुग्णालय. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, सापाच्या मागे लागायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही.

सकाळी बूट झटकून घाला. कोकणातला लाल विंचू एके काळी जीव घ्यायचा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं त्यावर उपचार करून दाखवले आणि मृत्यू झपाट्यानं घटले. तरी वेदना व्हायच्या तेवढ्या होतातच. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला डिसेंबर ते मे या काळात रानात फिरणार असाल तर माकडतापाची चौकशी करा. २०१६ मध्ये तिथे त्याची साथ आली होती आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. पालापाचोळ्यावर बसू नका, परतल्यावर अंग तपासा, कपडे गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

निघताना

दिवे-पंखे बंद, बादली पालथी, परतीच्या कचऱ्याची पिशवी गाडीत. ती विसरते, म्हणून मी ती आदल्या रात्रीच बुटांत कोंबून ठेवतो. होडीवाल्याचे, वाटाड्याचे पैसे त्याच्याच हातात द्या. घासाघीस करायची तर मोठ्या हॉटेलात करा.

मोरीबद्दल काही खटकलं असेल तर तोंडावर सांगा, चारचौघांत नको. “तात्या, जागा मस्त आहे, फक्त तो मागचा पाइप कर्दळीच्या वाफ्यात वळवलात तर अजून चार माणसं मी पाठवीन.” इंटरनेटवरच्या अभिप्रायात सूर्यास्त सगळेच लिहितात, तुम्ही सांडपाणी कुठे जातं ते लिहा, पूर कुठवर आला होता ते लिहा, रेंज कुठल्या माडाखाली मिळते तेही लिहा. ज्या जागेच्या पाइपापासून ही गोष्ट सुरू झाली, तिथल्या मालकाला मी तेव्हा काहीच बोललो नव्हतो. दोन वर्षांनी ओळखीच्या एकानं जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, “आजवर कुणी विचारलंच नाही हो.” आता तिथे कर्दळ लावलीय असं ऐकतो. खरं-खोटं बघायला जायचंय.

परतीला वस्तीच्या एसटीनं जाणार असाल तर कंडक्टरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पहाटे तो वळणावर एकदा हॉर्न देतो आणि दोन मिनिटं थांबतो.